मुलांसाठी एअर पिस्तूल नेमबाजी: सुरुवात कोठे करावी, खर्च किती येतो आणि सरकारी मदत केव्हा मिळते

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २८ जुलै २०२४ रोजी मनू भाकर हिने महिलांच्या १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात कांस्यपदक मिळवले. दोन दिवसांनी सरबज्योत सिंग याच्यासोबत मिश्र सांघिक प्रकारातही तिने कांस्यपदक जिंकले. १ ऑगस्ट रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे याने ५० मीटर रायफल प्रकारात पदक मिळवले. तेव्हापासून नेमबाजीबद्दल पालकांकडून दोन प्रश्न हमखास विचारले जातात: पिस्तूल कोठे मिळेल, आणि त्यासाठी सरकार किती पैसे देते?

आधी थोडक्यात उत्तर. पहिल्या वर्षी पिस्तूल विकत घेण्याची गरज नसते. केंद्र सरकारची मोठी मदत मुलाने स्पर्धेत गुण दाखवल्यानंतर मिळते, त्याआधी नाही. हा क्रम माहीत नसल्यामुळे काही कुटुंबे दागिने गहाण ठेवून पिस्तूल घेतात आणि ‘खेलो इंडिया’तून पैसे परत येतील म्हणून वाट पाहत राहतात. तुमच्यावर ती वेळ येऊ नये यासाठी ही माहिती दिली आहे.

हा खेळ नेमका कसा असतो

एअर पिस्तुलात दारू नसते. दाबून भरलेल्या हवेच्या जोरावर शिशाचा ४.५ मिलिमीटर व्यासाचा छर्रा सुटतो. खेळाडू १० मीटर अंतरावर उभा राहतो आणि एकाच हाताने पिस्तूल धरतो. दुसऱ्या हाताचा आधार घेता येत नाही, म्हणून तो हात बहुतेक जण खिशात किंवा कमरपट्ट्यात अडकवून ठेवतात. समोरच्या लक्ष्यावर दहा वर्तुळे असतात. मधल्या, दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ११.५ मिलिमीटर असतो, म्हणजे शर्टाच्या साध्या बटणाएवढा. मोठ्या स्पर्धेत प्राथमिक फेरीत ६० छर्रे मारायचे असतात. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर त्यासाठी ७५ मिनिटे मिळतात.

पाहणाऱ्याला वाटते की हात अजिबात हलू न देणे हेच यातले कौशल्य. प्रत्यक्षात हात सगळ्यांचाच थोडा हलतो, ऑलिंपिक खेळाडूचाही. खरी गोष्ट वेगळी आहे आणि ती पालकांनी समजून घ्यावी, कारण मूल घरी येऊन ‘हात थरथरतो, मला जमणार नाही’ असे म्हणते तेव्हा तिचा उपयोग होतो. पिस्तुलाच्या पुढच्या टोकाला माशी असते आणि मागे खाच असते. या दोन्हींमध्ये साधारण ३२ सेंटिमीटरचे अंतर असते. पूर्ण हात एक मिलिमीटर वर सरकला, पण माशी खाचेत बरोबर मध्ये राहिली, तर छर्राही जवळपास एक मिलिमीटरच वर लागतो. असा छर्रा दहाच्या आत राहतो. पण मनगट वाकून माशी खाचेत एक मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर तोच फरक सुमारे ३ सेंटिमीटरचा होतो आणि दहाऐवजी सात गुण मिळतात. म्हणून चांगले प्रशिक्षक मुलाला काळ्या गोलाकडे पाहू नको, माशीकडे पाहा असे सांगतात. माशी स्पष्ट दिसली पाहिजे, लक्ष्य धूसर दिसले तरी चालते.

दुसरी अडचण चाप ओढण्याची. नियमानुसार या पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅम भार पेलणारा असावा लागतो. ‘आता बरोबर नेम लागला’ असे वाटताच मूल बोटाने झटका देते आणि नेम मोडतो. हा झटका जाण्यासाठी महिने लागतात. छर्रा न भरता नुसता नेम धरून चाप ओढण्याचा सराव त्यासाठीच असतो. त्याला काही खर्च येत नाही. अशा सरावात प्रशिक्षक मुलाकडून तासन्‌तास वेळ घेत असेल, तर फी वाया जाते आहे असे समजू नका.

सुरुवात कोणत्या वयात करावी

मनू भाकर चौदाव्या वर्षाच्या सुमारास या खेळाकडे वळली आणि सोळाव्या वर्षी तिने विश्वचषक स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. मेरठ जिल्ह्यातील कलिना गावच्या शेतकऱ्याचा मुलगा सौरभ चौधरी याने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत १० मीटर एअर पिस्तुलात सुवर्ण जिंकले तेव्हा तोही सोळा वर्षांचा होता. म्हणजे आठव्या वर्षीच सुरुवात केली नाही तर उशीर झाला, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

स्पर्धेच्या पिस्तुलाचे वजन साधारण एक किलोच्या आसपास असते. हात सरळ लांब करून एक किलोची पाण्याची बाटली दहा सेकंद धरून पाहा, म्हणजे दहा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर किती ताण येतो ते कळेल. आमच्या मते सातवी-आठवीत जाणाऱ्या मुलाने पिस्तूल हातात घेणे योग्य. त्याहून लहान मुलाला आणायचेच असेल, तर पिस्तूल टेबलावरील आधारावर टेकवून, थोडा वेळ, आठवड्यातून दोन-तीन दिवस इतकेच करावे. पाठ मागे झुकवून मूल वजन पेलत असेल, तर प्रशिक्षकाने लगेच थांबवायला हवे. चष्मा असलेले मूलही हा खेळ खेळू शकते. फक्त चष्म्याचा नंबर ताजा असावा.

उत्तर प्रदेशातील बागपत जिल्ह्यात जोहडी नावाचे गाव आहे. तेथील चंद्रो तोमर आपल्या नातीला नेमबाजीच्या रेंजवर सोबत म्हणून घेऊन गेल्या आणि साठी उलटल्यावर स्वतःच पिस्तूल चालवायला शिकल्या. त्यांची जाऊ प्रकाशी तोमर यांनीही तेच केले. हात स्थिर व्हावा म्हणून त्या पाण्याने भरलेला जग हातात धरून सराव करत. पुढे त्या गावातील कितीतरी मुले-मुली याच खेळातून लष्कर, पोलीस आणि इतर सरकारी नोकऱ्यांपर्यंत पोहोचली. जोहडीत महागडे सभागृह नव्हते. शिकवणारा माणूस, गावातली एक जागा आणि रोजचा नियम एवढेच होते. तुमच्या जवळ कोठे काय आहे हे पाहताना चकाचक इमारतीपेक्षा या गोष्टी पाहाव्यात.

रेंजवर दहा मिनिटे उभे राहून काय पाहावे

प्रवेश घेण्यापूर्वी सराव चालू असताना रेंजवर जा. पुढील गोष्टी दिसल्या पाहिजेत. पिस्तुलाचे तोंड सतत लक्ष्याच्या दिशेने किंवा खाली असते. नेम धरेपर्यंत कोणाचेही बोट चापावर नसते. टेबलावर ठेवलेल्या प्रत्येक पिस्तुलाच्या नळीतून भडक रंगाची दोरी आरपार घातलेली असते, म्हणजे आत छर्रा नाही हे लांबूनही कळते. प्रशिक्षकाने ‘स्टॉप’ म्हणताच सगळे थांबतात, आणि कोणीही रेषेपुढे असताना कोणी पिस्तुलाला हात लावत नाही. एखाद्या मुलाने मजेत पिस्तूल मित्राकडे वळवले आणि प्रशिक्षकाने हसून सोडून दिले, तर तेथून परत या. ते केंद्र कितीही जवळ असो आणि कितीही स्वस्त असो.

हे खेळणे नाही. छर्रा सेकंदाला साधारण १५० मीटर वेगाने सुटतो आणि डोळ्याला लागला तर दृष्टी जाऊ शकते. गच्चीवर, गल्लीत किंवा शेतात पक्ष्यांवर सराव करणे धोक्याचे आहे. पक्षी मारल्यास वन्यजीव संरक्षण कायद्याखाली कारवाईही होऊ शकते. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलाने डबा उघडू नये, आणि छर्रा तोंडात धरण्याची सवय कधीही लागू देऊ नये. घरात धाकटी भावंडे असतील तर याकडे विशेष लक्ष द्या.

आणखी एक गोष्ट पालक विचारायला संकोचतात. या खेळात उभे राहण्याची पद्धत आणि खांदा, मनगट दुरुस्त करताना प्रशिक्षकाचा हात मुलाला लागतो. चांगला प्रशिक्षक आधी सांगून, सर्वांसमोर, आवश्यक तेवढाच स्पर्श करतो. सराव चालू असताना पालकांना बसू देत नाहीत असे केंद्र टाळा. मुलगी बाहेरगावी स्पर्धेला जाणार असेल, तर सोबत महिला प्रशिक्षक किंवा महिला व्यवस्थापक कोण आहे हे नावानिशी विचारा. काही गैर घडल्याचे मुलाने सांगितले, तर बाल हेल्पलाइन १०९८ वर चोवीस तास मदत मिळते. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा क्रीडा केंद्रांनाही लागू आहे.

परवाना लागतो का

शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिलिमीटर (०.१७७ इंच) व्यासापर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या हवेच्या बंदुकांना शस्त्र परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाची ऊर्जा साधारण ५ ते ६ ज्यूल असते, म्हणजे ते या मर्यादेच्या खूपच आत बसते. तरीही विक्रेता ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतो. तो द्या आणि पालकाच्या नावाने पक्के बिल घ्या. प्रवासात पिस्तूल पेटीत बंद ठेवावे आणि बिलाची प्रत, क्लबचे ओळखपत्र व स्पर्धेचे पत्र सोबत ठेवावे. दिसायला ते खऱ्या पिस्तुलासारखेच असते, आणि रेल्वे स्थानकावरील पोलिसाने विचारणे स्वाभाविक आहे. विमानाने जायचे असल्यास विमान कंपनीला आधी कळवावे लागते. ते हातातील सामानात नेता येत नाही.

.२२ बोअरची पिस्तुले आणि रायफली मात्र अग्निशस्त्रे आहेत. त्यांना परवाना लागतो आणि सर्वसाधारणपणे २१ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय ते शस्त्र स्वतःकडे ठेवता येत नाही. ‘एअर पिस्तूल शिकवतो’ असे सांगून कोणी परवान्याशिवाय अग्निशस्त्र विकत असेल, तर तो गुन्हा आहे.

खर्चाचा खरा हिशेब

परदेशी बनावटीचे स्पर्धेचे पिस्तूल लाख रुपयांच्या वर जाते. देशी बनावटीची पिस्तुले बरीच स्वस्त असतात आणि शिकणाऱ्याला ती पुरतात. पण पहिल्या वर्षी तीही घेऊ नका. बहुतेक केंद्रांत सरावासाठी केंद्राचे पिस्तूल मिळते. मुलाची मूठ वाढत असते. आज हाताला बसणारी मूठ दोन वर्षांनी घट्ट होते.

फी विचारताना फक्त महिन्याचा आकडा विचारू नका. छर्ऱ्यांचे पैसे त्यात धरले आहेत का, हे विचारा. स्पर्धेच्या छर्ऱ्यांच्या एका डबीत साधारण ५०० छर्रे असतात. रोज ६० याप्रमाणे आठवड्यातून पाच दिवस सराव केला, तर महिन्याला सुमारे १,३०० छर्रे लागतात, म्हणजे अडीच डब्यांहून थोडे अधिक. वर्षाचा हिशेब केला की हा खर्च काही वेळा फीच्या जवळ जातो. शिवाय हवा भरण्याचे पैसे, कागदी लक्ष्ये, स्पर्धेची प्रवेश फी, आणि सर्वांत जास्त म्हणजे बाहेरगावचा प्रवास व राहणे. स्पर्धेला मुलासोबत पालकही जातो, त्यामुळे त्या दिवसांची मजुरी बुडते. तीही हिशेबात धरा.

वापरलेले पिस्तूल घ्यायचे ठरवले, तर नळी आणि चाप पाहण्याआधी हवेचा सिलिंडर पाहा. त्यावर निर्मितीची तारीख कोरलेली असते. स्पर्धेच्या पिस्तुलांचे सिलिंडर साधारणपणे दहा वर्षांपर्यंतच वापरायचे असतात. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेतील तपासणीत बाद होऊ शकतो आणि त्यात हवा भरणे धोक्याचे असते. ‘पिस्तूल एकदम नवीन, एकदाच वापरलेले’ असे सांगणाऱ्याला ही तारीख दाखवायला सांगा.

सरकारी मदत कोठे आणि केव्हा

सुरुवातीच्या टप्प्यावर पैशाच्या स्वरूपात मदत फारशी नसते, सोयीच्या स्वरूपात असते. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन जिल्ह्यातील सरकारी किंवा मान्यताप्राप्त रेंज कोठे आहे, हे विचारा. काही राज्यांत या कार्यालयाचे नाव वेगळे असते, पण प्रत्येक जिल्ह्यात क्रीडा विभागाचे कोणी ना कोणी असते. ‘खेलो इंडिया’ अंतर्गत जिल्हा पातळीवर छोटी केंद्रे चालवली जातात आणि तेथे माजी खेळाडू प्रशिक्षण देतात. मात्र प्रत्येक केंद्रात ठरावीक खेळच असतात. तुमच्या जिल्ह्यातील केंद्र कुस्तीचे किंवा कबड्डीचे असू शकते. भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या ‘कम अँड प्ले’ योजनेतून त्यांच्या मैदानांवर सर्वसामान्यांना सरावाची संधी मिळते. दिल्लीत तुघलकाबाद येथील डॉ. कर्णी सिंग शूटिंग रेंज याच प्राधिकरणाकडे आहे.

मुलाच्या शाळेत एनसीसी असेल, तर त्याला तेथे पाठवा. रायफलच्या नेमबाजीची ओळख तेथे विनाशुल्क होते. पिस्तूल आणि रायफल वेगळे असले तरी श्वास, नेम आणि शिस्त यांचा पाया एकच आहे. शाळेमार्फत शालेय क्रीडा स्पर्धांतही भाग घेता येतो. तेथे १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात आणि प्रवेश शाळेच्या सही-शिक्क्याने होतो. म्हणून क्रीडा शिक्षकांना वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा. अर्जाची मुदत निघून गेल्यावर शाळाही काही करू शकत नाही.

राज्य सरकारांच्या निवासी संस्था हा गरीब घरातील मुलासाठी बहुधा सर्वांत चांगला मार्ग आहे. स्वप्निल कुसाळे महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला. मध्य प्रदेश शासनाची नेमबाजी अकादमी भोपाळला आहे. खरगोन जिल्ह्यातील ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर तेथूनच पुढे आला. इंदूर, उज्जैन, बुऱ्हाणपूर भागातील मराठी कुटुंबांनी ती जरूर लक्षात ठेवावी. अशा संस्थांत निवड चाचणीतून प्रवेश मिळतो आणि राहणे, जेवण, प्रशिक्षण यांचा भार सरकार उचलते.

आता ‘खेलो इंडिया’च्या त्या बहुचर्चित रकमेबद्दल. निवड झालेल्या खेळाडूसाठी वर्षाला ६.२८ लाख रुपयांची तरतूद आहे. हा आकडा वर्तमानपत्रात वाचून अनेकांचा गैरसमज होतो. यातील १.२० लाख रुपये, म्हणजे महिना १०,००० रुपये, खेळाडूला किरकोळ खर्चासाठी थेट बँक खात्यात मिळतात. उरलेली रक्कम प्रशिक्षण, निवास, आहार, साहित्य, स्पर्धा आणि वैद्यकीय सोयींवर संस्थेमार्फत खर्च होते. ती पालकांच्या हातात येत नाही. तिच्या भरवशावर कर्ज काढू नका.

ही निवड खेळाडूच्या कामगिरीवर होते. पिवळे रेशनकार्ड किंवा उत्पन्नाचा दाखला यावरून ती होत नाही. निवड कायमचीही नसते. कामगिरीचा आढावा वेळोवेळी घेतला जातो आणि गुण घसरले तर नाव वगळले जाऊ शकते. ९ ते १८ वर्षांच्या मुलांमधील गुणवत्ता शोधण्यासाठी मार्च २०२४ मध्ये ‘कीर्ती’ हा उपक्रम सुरू झाला आहे. त्यात तुमच्या जवळच्या केंद्रावर कोणते खेळ आहेत, ते नोंदणीपूर्वी पाहून घ्या. पुढे ऑलिंपिकच्या दर्जापर्यंत पोहोचलेल्या खेळाडूंसाठी ‘टॉप्स’ योजना आहे. त्यातील मुख्य गटाला महिना ५०,००० रुपये भत्ता मिळतो. पण आठवीतल्या मुलाच्या पालकांनी आजच त्याचा विचार करण्याचे कारण नाही. रकमा व नियम बदलू शकतात. अर्जापूर्वी अधिकृत पोर्टलवरील चालू मार्गदर्शक सूचना वाचाव्यात.

‘पैसे द्या, खेलो इंडियात नाव घालतो’ असे सांगणारा माणूस भेटला, तर ती फसवणूक आहे. त्याच्याकडे मुलाचे आधार कार्ड किंवा बँकेचे पासबुकही देऊ नका.

स्पर्धेची वाट

गुण ‘मान्य’ होण्यासाठी मुलाची नोंदणी राज्य रायफल संघटनेशी जोडलेल्या क्लबमार्फत भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेकडे असावी लागते. हे ओळखपत्र नसेल, तर मुलाने सरावात कितीही गुण मिळवले तरी ते कोठेही धरले जात नाहीत. काही खासगी केंद्रे वर्षभर फी घेतात आणि ही नोंदणीच करत नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा: तुमचे केंद्र राज्य संघटनेशी संलग्न आहे का?

त्यानंतर जिल्हा आणि राज्य स्पर्धा, मग अखिल भारतीय जी. व्ही. मावळंकर स्पर्धा किंवा विभागीय स्पर्धा, आणि तेथे किमान गुण मिळाल्यास राष्ट्रीय अजिंक्यपद असा क्रम आहे. मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या या राष्ट्रीय संघटनेचे तेच पहिले अध्यक्ष. अहमदाबादला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातले हे गृहस्थ आज देशभरातील नवख्या नेमबाजांच्या प्रवेशपत्रावर असतात.

दिव्यांग मुलांसाठी

नेमबाजी बसूनही करता येते. जबलपूरच्या रुबिना फ्रान्सिस हिने पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १० मीटर एअर पिस्तुलात कांस्यपदक मिळवले. तिचे वडील मेकॅनिक आहेत आणि ती मध्य प्रदेशच्या नेमबाजी अकादमीत शिकली. त्याच स्पर्धेत मनीष नरवाल याने पुरुषांच्या एअर पिस्तुलात रौप्य जिंकले. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खेलो इंडिया पॅरा स्पर्धेतही नेमबाजीचा समावेश होता. तुमच्या मुलाकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड नसेल, तर ते आधी काढा. स्पर्धेसाठी मुलाचे स्वतंत्र वर्गीकरण होते, पण सुरुवात या कार्डापासून होते. रेंज पाहायला जाताना दारात पायऱ्या आहेत का, आणि स्वच्छतागृहात चाकाची खुर्ची जाते का, हेही पाहून घ्या.

कागदपत्रे तयार ठेवा

जन्म प्रमाणपत्र सर्वांत महत्त्वाचे. वयाच्या गटावरून वाद झाला की पहिले तेच मागितले जाते. ते जन्मानंतर बऱ्याच वर्षांनी काढलेले असेल, तर शाळेच्या दाखल्यावरील तारखेशी जुळते ना ते पाहा. आधार कार्डावरील नावाचे स्पेलिंग आणि शाळेतील स्पेलिंग वेगळे असेल, तर निवड होण्याआधीच दुरुस्त करून घ्या. निवड यादी लागल्यावर त्यासाठी वेळ मिळत नाही. मुलाच्या नावाने बँक खाते उघडून ते आधारशी जोडा. दहा वर्षांवरील मूल बँकेच्या नियमांनुसार स्वतःचे बचत खाते चालवू शकते. प्रत्येक स्पर्धेचे गुणपत्रक, तेथे पदक मिळाले नसले तरी, तारखेनुसार एका फाइलमध्ये लावत जा. पुढच्या निवड चाचणीच्या वेळी मागच्या दोन वर्षांचे गुण विचारले, तर ही फाइल पुढे करता येईल.